डांबर कितलं, गारा कितला

चोपड्याच्या यावल नाक्यावर हसरत तडवीचं दुकान.
दारात टायरांची चळत, वरच्या टायरात साचलेलं पाणी,
त्यात एक चिमणी अंघोळ उरकत होती.
त्यानं माझ्या चारशेसातकडे पाहिलंसुद्धा नाही,
एवढंच विचारलं:
"डांबर कितलं शे, नि गारा कितला?"

मी बोटं मोजली.
फाट्यापर्यंत डांबर. मग मुरूम.
मग फॉरेस्टच्या गेटापासून दगडी चढ,
मग नाला, आणि नाल्यापलीकडे पाड्यापर्यंत
ते सखल शेत, ज्याला कागदावर रस्ता म्हणतात.
"दीड," मी म्हणालो. "चाळीसात दीड किलोमीटर."
"मंग त्या दीडनाच टायर ले."

गेल्या पोळ्याला त्याच दीडात आम्ही रुतलो होतो.
हौद्यात जळगावहून आणलेली डीपी,
पाड्यावर अकरा दिवसांचा अंधार,
आणि मागची चाकं जागच्या जागी फिरत होती.
नक्षीत माती अशी थापली गेली
की टायर उरलंच नाही;
एक काळी भाकर नुसती गरगरत होती,
भाजायची राहिलेली.

हसरतनं दोन टायर माझ्यापुढे लोळवत आणले.
एक रुंद, फुगीर, दुकानदारासारखं बसकं.
दुसरं उंच, अंगानं सडपातळ,
दात मोठे आणि मधे चार बोटं जाईल एवढी फट.
"हाई तरंगी. हाई कापत तळले जाई."
आणि तळच नसला तर?
बापानं तापीकाठी विहीर खणली तेव्हा
एकवीस हात काळीच निघत राहिली,
शेवटी खणणारेच कंटाळले.
पण वर, सातपुड्यात,
गुडघाभर गाऱ्याखाली दगड असतो.
हे मला माहीत आहे. मी ढकललंय.

गुलसिंग पावरा, आमचा हेल्पर,
इतका वेळ बशीत फुंकर मारत बसला होता.
तो उठला, पंक्चरच्या हौदामागे गेला,
जिथे सांडपाण्याचा चिखल कायम असतो.
चप्पल काढली. पाय दाबला.
बोटं फाकली, मधून चिखल वर आला.
मग पाय उचलून बोटं हलवली
आणि चिखल थपकन खाली.
काही बोलला नाही.
पाय धुवायला तेवढं पाणी मागितलं.

सडपातळ घेतलं. दोनच.
ठेकेदार फोनवर म्हणाला, चारी कशाला,
डीपी मागेच असते ना?
तेव्हा पुढे जुनीच, गुळगुळीत झालेली, डांबराची,
मागे ही नवी, दातांची.
गाडी आता अर्धी इथली, अर्धी तिथली.

डांबरावर ती गुणगुणते.
पन्नासच्या वर गेलं की गुणगुण नाही राहत,
आग्यामोहोळ उठतं,
सीटखालचा पाना थरथरतो,
गुलसिंगला मात्र त्यातच झोप लागते.
सूतगिरणीच्या वळणावर असतो तेव्हाच
घरी माझी धाकटी टीव्हीचा आवाज वाढवते.

सकाळी हवा भरायला थांबलो
तर गाडीमागे रस्त्यावर एकेक गोळा पडत गेलेला,
चौकोनी, कडा तासलेल्या,
टायरच्या फटीत रात्रभर वाळलेला.
हसरतनं एक उचलला, बोटांत चुरला.
"हाई गारा आठला नही. नाल्यापल्याड गयथा का?"
"हो."
"डीपी बसनी?"
"बसली. पण वरची तार रात्रीतून कुणी कापून नेली.
आज परत जायचंय."

त्यानं उरलेला गोळा नालीत टाकला,
हात पँटला पुसला,
आणि हवेची नळी बाजूला ठेवून
खाली बसला मागच्या चाकापाशी.
खिळ्याचं टोक व्हॉल्व्हवर दाबून
थोडी हवा काढून टाकली,
दोन्हीतली सारखी,
मला न विचारता.